पाचातला च

माझ्या तोंडातला च चुकीचा आहे, हे मला वयाची पन्नाशी उलटल्यावर जयपुरात कळलं. कळलं म्हणजे सांगण्यात आलं, तेही तीसेक माणसांसमोर, आणि हसत हसत. तेव्हापासून या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही, आणि आत्ताही मी तसा प्रयत्न करणार नाहीये.

नवऱ्याची विमा कंपनीतली बदली झाली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता मानसरोवर नावाच्या वसाहतीत घर झालं, मला एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली आणि मुलगी कॉलेजात पोचली. घरात आम्ही साताऱ्याचंच मराठी बोलतो. मुलगीही तेच बोलते असं मी कैक वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात तिचं प्रत्येक दुसरं वाक्य 'मतलब'ने सुरू होतं आणि भाजीवाला, रिक्षावाला, सख्खा मामेभाऊ असे सगळे तिच्या लेखी 'भैया' असतात.

ती शाळेपासून कॉयरमध्ये गाते. पुढे तिच्या शाळेतल्या संगीताच्या सरांनी हौशी मोठ्या माणसांचा एक कॉयर काढला आणि ती त्यात गेली. मी तिला स्कूटरवर सोडायला जायचे आणि तालीम संपेपर्यंत मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचे. एकदा अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, माणसं कमी पडली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "आंटीजी, आप भी आ जाइए।" सर माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान असतील. डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस आणि गळ्यात बारा महिने मफलर. पण मी आंटीजी. तेही मी गिळलं, कारण मला गायचं होतं.

आणि मी जीव लावून गायले. लहानपणी थोडं शास्त्रीय शिकले होते, पण हे काही वेगळंच होतं. तीनशे वर्षांपूर्वी कुणा जर्मन माणसाने चर्चसाठी रचलेलं हे गाणं. एक आवाज ओळ उचलतो, ती अर्ध्यात असतानाच दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलतो, मग तिसरा, मग चौथा. अल्टोला सहसा कुणी ऐकत नाही. सुरेल वळणं सगळी वरच्या बायकांना आणि गडगडाट सगळा खालच्या पुरुषांना. आम्ही मधल्या. फक्त शेवटच्या पानावर एक जागा अशी होती, की बाकी सगळे थांबतात आणि शांतीसाठीचा तो लॅटिन शब्द पहिल्यांदा आम्ही अल्टोवाल्या उचलतो. जेमतेम चार मात्रांची जागा, पण ती आमची. वर्षभर मी त्या पानाची वाट बघत तालमीला गेले. नाताळच्या कार्यक्रमात तेवढं एक मोकळ्या गळ्याने गायला मिळावं, माझी दुसरी काही अपेक्षा नव्हती.

रोमन लिपीतलं लॅटिन प्रत्येकजण आपापल्या परीने वाचायचा, म्हणून सरांनी सुरांच्या खाली सगळे शब्द देवनागरीत लिहून झेरॉक्स वाटल्या. शांतीचा तो शब्द त्यांनी लिहिला होता 'पाचेम'. आता मराठी माणसासमोर 'पाचेम' ठेवा आणि तो काय वाचतो बघा. आपण वाचेन म्हणतो, नाचेन म्हणतो, पाचेक म्हणतो. जीभ आपोआप दातांच्या मागे जाते आणि 'त्स' होतो. मी तेच गायले. मी एकटीच मराठी, त्यामुळे तेच गाणारीही मी एकटीच.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "ये त्स-त्स कौन कर रहा है?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मलाही कळलं नाही की मी करते आहे. त्यांनी अल्टोतल्या एकेकीला म्हणायला लावलं. माझ्यापाशी आले आणि थांबले. पुन्हा म्हणायला सांगितलं, मी पुन्हा म्हटलं, मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"आंटीजी, 'चार' बोलिए।"

"चार।"

"एकदम ठीक। अब 'पाचेम'।"

पुन्हा तेच. मग मी त्यांना समजावू लागले, की सर, आमच्यात च दोन असतात. लिहायला एक, म्हणायला दोन. चारचा वेगळा आणि पाचचा वेगळा. आम्ही आकडे मोजतानाच बघा, चार, पाच, शेजारीशेजारी दोन्ही येतात. मी दिवसभर मुलांना हिंदीतून गणित शिकवते, तिथे बरोबर 'पाँच' म्हणते, कुणी हसत नाही, इथे फक्त डोळ्यांना ते मराठीसारखं दिसलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सर म्हणाले, "एक अक्षर के दो उच्चारण? ये तो अक्षर के साथ नाइंसाफ़ी हुई।" सगळे मोकळेपणाने हसले. गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासमधून बॅच संपवून धावत आलेले फिजिक्सवाले सरसुद्धा, पुरुषांच्या रांगेतून, डबा खाता खाता हसले. सरांनी शेवटी हात जोडले. "बहुत मीठी भाषा है मराठी, लेकिन ये लैटिन है। ऐसा कीजिए, उस जगह आप सिर्फ़ होंठ हिला लीजिए।"

फक्त ओठ हलवा! लग्नाच्या व्हिडिओत मागे नाचणाऱ्या पाहुण्यांना सांगतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेवढ्यात माझं लक्ष दुसरीकडे गेलं. समोर वरच्या आवाजाच्या रांगेत माझी मुलगी उभी होती. ती हसत नव्हती. ती खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

घरी आल्यावर मी भांडी आपटत स्वयंपाक केला. नवरा म्हणाला, "सोडून दे, नाहीतरी थंडीत जायचा त्रासच." या माणसाला आयुष्यात प्रत्येक गोष्ट सोडून देता आलेली आहे. मुलगी मात्र ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आई, मतलब, सर चूक तर नाही ना बोलले."

'चूक' हा शब्दही तिने हिंदीतला च लावून म्हटला. एरवी मी टोकलं असतं. लहानपणापासून टोकत आले आहे, ती तेवढ्यापुरतं दुरुस्त करते आणि पुन्हा मूळपदावर येते.

"माझा उच्चार चुकीचा आहे असं तुला वाटतं?"

"मला नाही वाटत. बट सगळ्यांना वाटतं ना. शाळेत पेरेंट्स मीटिंगला तू यायचीस तेव्हा मला भीती वाटायची, की तू मध्येच चमचा म्हणशील." चमचा तिने मात्र माझ्यासारखा म्हणून दाखवला, नक्कल करताना म्हणतात तसा, जीभ जरा जास्तच दाबून. "तू तिथे हळूच म्हण. कोणाला कळणार नाही."

सरांचं मी एक वेळ सोडलं असतं. ते परके, त्यांना आपल्या भाषेतलं काय माहीत. पण या मुलीला मी जन्मापासून ज्या तोंडाने हाका मारल्या, गोष्टी सांगितल्या, रागावले, त्या तोंडाची तिला भीती वाटत होती आणि ती मला ते समजुतीच्या सुरात सांगत होती. त्या रात्री मी जेवले नाही. रागावल्यावर न जेवण्यात काही अर्थ नसतो, दुसऱ्या दिवशी शिळं आपल्यालाच खावं लागतं, पण नाही जेवले.

मग मी हट्टाला पेटले. कणीक मळताना 'चार, चार, चार, पाचेम' असं घोकायचं. चारने जीभ वर लावून घ्यायची आणि ती तिथून हलायच्या आत पाचेम म्हणून मोकळं व्हायचं. पुढच्या तालमीला मी सरांसमोर उभी राहिले आणि धडाधड म्हणून दाखवलं. एकही त्स नाही. सर कौतुकाने म्हणाले, "वाह, आंटीजी!" आणि पुढे म्हणाले, "फिर भी हॉल में रिस्क नहीं ले सकते। वहाँ एक भी अलग आवाज़ बहुत गूँजती है। आदत है, मुँह से निकल ही जाएगी।"

म्हणजे चूक होती तेव्हा शिक्षा, आणि चूक सुधारली तरी शिक्षा कायम. मी शाळेत असं कुठल्या मुलाशी वागले असते तर त्याचे आईवडील मुख्याध्यापकांकडे गेले असते. पण मी तालमी सोडल्या नाहीत. सोडणं म्हणजे त्यांचं म्हणणं खरं करणं. शेवटचं पान आलं की मी ओठ हलवायचे. आणि एक सांगते, त्या मुक्या जागेत मी मुद्दाम आपलाच च लावायचे. आवाज त्यांनी बंद केला होता, जीभ माझी होती.

डिसेंबरच्या मध्यावर इकडचा मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, लागला, शहरातली लग्नं थांबली, आणि एरवी वरातींना दिला जाणारा चारदिवारीतला, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातला, हॉल आम्हाला मिळाला. संस्थानी काळात पाहुण्यांच्या मैफलींसाठी बांधलेला. कमानींवर फिकट झालेल्या वेली, छताला सोन्याचा मुलामा निघालेला, आणि वर कबुतरांचं बिऱ्हाड. जाजमाखालची फरशी इतकी गार, की आम्ही सगळ्या साडीखाली लोकरी मोजे घालून उभ्या राहायचो. आवाजाचं मात्र सर म्हणाले ते खरं होतं. साधं खोकलं तरी ते हॉलभर फिरून परत यायचं.

तिथल्या पहिल्याच तालमीला सरांनी एका पाहुणीला आणलं. जर्मन बाई, मुलीपेक्षा थोडी मोठी. जयपूरजवळच्या बगरू गावात राहून ठशांची छपाई आणि वनस्पतींचे रंग शिकत होती. नखं निळीने निळी झालेली. ती चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, वाजवायची आणि तिच्या गावच्या चर्चमध्ये लहानपणापासून हेच गाणं गात आली होती. सरांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. ती जमिनीवर उशी ठेवून, चेलो घेऊन बसली आणि आम्ही गायला लागलो.

शेवटच्या पानावर तिने वाजवणं थांबवलं. भांडणाचा सूर अजिबात नव्हता, नवल वाटून तिने इंग्रजीत विचारलं, की तुम्ही हा शब्द इटालियन लोकांसारखा का म्हणता? रचना जर्मन आहे, आमच्याकडे तर हा शब्द असा म्हणतात. आणि तिने म्हणून दाखवला.

पात्सेम.

स्वच्छ. माझ्या साताऱ्याच्या घरातून आल्यासारखा.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. मला वाटलं, आता सर माझ्याकडे बघतील. निदान ओशाळं हसतील. सर म्हणाले, "ऑफ़ कोर्स! जर्मन ट्रेडिशन! मैं ख़ुद यही सोच रहा था।" मग सगळ्यांकडे वळून त्यांनी भाषण केलं, की या उच्चारात एक धार आहे, जुनेपणा आहे, खरेपणा आहे. माझ्या तोंडून निघाला तेव्हा तो अक्षरावरचा अन्याय होता. निळ्या नखांच्या पाहुणीच्या तोंडून निघाल्यावर तीच परंपरा झाली. बिचारीचा यात काही दोष नाही, तिला आमच्या भानगडी ठाऊक नव्हत्या. पण त्या क्षणी मला त्या मफलरची दोन्ही टोकं धरून ओढावीशी वाटली.

आता गंमत अशी, की कुणाला ते जमेना. "पाट-सेम" झालं, "पासेम" झालं, "पाक्सेम" झालं. फिजिक्सवाल्या सरांनी "पाच्सेम" असा नवाच शोध लावला. पाहुणी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची, एकच आवाज आहे, दोन तुकडे करू नका, आणि हॉल आमचे सगळे तुकडे आम्हालाच परत ऐकवायचा. बराच वेळ असा गेल्यावर सरांची नजर अल्टोकडे आली.

"आंटीजी, वो... आपका वाला था न। ज़रा बोलके दिखाइए।"

मी म्हणाले, "मैं तो सिर्फ़ होंठ हिलाती हूँ, सर।"

वर एका कबुतराने पंख फडफडवले. मला ते वाक्य बोलल्याचा काडीचाही पश्चात्ताप वाटला नाही. मी पुढे एक अक्षर काढणार नव्हते. गाणं कोसळलं तरी चालेल, कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल, मी उच्चाराची शिकवणी द्यायला आलेले नव्हते.

तेवढ्यात वरच्या आवाजाच्या रांगेतून मुलगी बोलली. सगळ्यांसमोर, मराठीत.

"आई, पाच कसं म्हणतेस तू?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, पण या वेळी ती बुटांकडे बघत नव्हती. सरांना नकार देणं सोपं होतं. हिला कसा देणार?

"पाच," मी म्हणाले.

"पाट्स."

"तोडू नकोस. जीभ दातांमागे टेकव आणि सोड. पाच."

"पाच," ती म्हणाली.

तो आमचा च होता. इतकी वर्षं टोकूनही जो टिकला नव्हता, तो त्या गारठलेल्या हॉलमध्ये, हिंदी आणि राजस्थानी बोलणाऱ्या लोकांच्या देखत तिच्या तोंडून आला. मला आनंद झाला. रागही होताच. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. ती पुन्हा म्हणाली, मग तिच्या शेजारची म्हणाली, मग सगळी रांग, मग पुरुष. तो सगळा जुना दरबारी हॉल "पाच, पाच, पाच" करायला लागला. फिजिक्सवाल्या सरांनी विचारलं, "मतलब क्या है इसका?" मुलगी म्हणाली, "फ़ाइव, सर।" या वेळचं हसणं निराळं होतं आणि त्यात मीही होते.

सरांनी मला काही म्हटलं नाही. माफी तर दूरच, 'आता तुम्हीही गा' एवढंही नाही. टाळी वाजवून "चलिए, लास्ट पेज" म्हणाले. शेवटचं पान आलं आणि मी कुणाला न विचारता मोठ्याने गायले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. शाली पांघरलेली माणसं, कमानींत टांगलेले कागदी तारे, मागे नवरा मफलर-कानटोपीत गुंडाळून बसलेला. सुरुवातीला सरांनी माइक घेतला. आपण ही रचना शहरात प्रथमच अस्सल जुन्या जर्मन उच्चारांसह सादर करत आहोत, आणि याचं सगळं श्रेय आपल्या जर्मन पाहुणीला आहे. टाळ्या झाल्या. पाहुणी चेलोमागून गोंधळून माझ्याकडे बघत होती. तालमीत काय झालं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सरळ समोर बघत उभी राहिले. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर गाणं सोडून भलतंच बाहेर पडलं असतं.

गाणं मात्र चांगलं झालं, हे रागातही कबूल करते. शेवटचं पान आलं. बाकी सगळे थांबले, आम्ही अल्टोवाल्यांनी तो शब्द उचलला, आणि हॉलने तो हळूच फिरवून आमच्याकडे परत दिला. मग तोच शब्द वरच्या बायकांनी घेतला. त्या सगळ्या आवाजांत मला एक आवाज ओळखू येत होता. तिने तो शब्द दाबला नाही, हळूही म्हटला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही बाहेर आलो. बडी चौपडच्या चौकाच्या बाजूला एक चहाची टपरी उघडी होती. नवरा होता, पाहुणी चेलो पाठीवर घेऊन आली होती, आणि कौतुकाचे हार गळ्यात घालून सरही आमच्या मागोमाग येऊन उभे राहिले. "बिटिया, तुम्हारा उच्चारण सबसे साफ़ था," ते मुलीला म्हणाले. "कहाँ से पकड़ा?"

"मम्मी से," ती म्हणाली.

सर म्हणाले, "हाँ हाँ, वो तो है," आणि हात चोळत थंडीबद्दल बोलू लागले.

मुलगी टपरीवाल्याकडे वळली. "भैया, पाच चाय."

"कितनी?"

"पाच."

"पास?" त्याला काही कळेना.

बालवाडीपासून जयपुरात वाढलेल्या मुलीला 'पाँच' म्हणायला किती वेळ लागतो? पण ती म्हणाली नाही. सरांच्या देखत, पाहुणीच्या देखत तिने तिसऱ्यांदा, आधीपेक्षा मोठ्याने "पाच" म्हटलं, आणि हाताचा पंजा उघडून त्याच्यासमोर धरला.

त्यातला एक चहा सरांचा होता. माझ्या हातात असतं, तर मी चारच सांगितले असते.